ड्रॅगन टॅटू की स्नोमॅन? नॉर्डिक गुन्हेकथेत शिरण्याआधी

स्वीडिश लेखक स्टीग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' अर्धवट सोडलेले वाचक ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिल्या गटाने शंभर पानांच्या आतच पुस्तक मिटलेलं असतं. खुनाचा पत्ता नाही, आणि वेनरस्ट्रोम नावाचा कुणी उद्योगपती, पोलंडमधला नावापुरता कारखाना, सरकारी निधी, बदनामीचा खटला असं चऱ्हाट चाललेलं. दुसरा गट नेटाने पुढे जातो, टॅटूवाली हॅकर नायिका लिसबेथ सलांडर आणि तिच्यावर नेमलेला पालक-वकील ब्यूरमान यांच्यातल्या फ्लॅटवरच्या प्रसंगापर्यंत पोचतो आणि तिथे पुस्तक पालथं घालतो. एकाला ते फार संथ, दुसऱ्याला फार अंगावर येणारं. गंमत म्हणजे दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण दोघांवरचा उतारा एक नाही. पहिल्याला यू नेस्बोची 'द स्नोमॅन' द्यावी, दुसऱ्याला चुकूनही देऊ नये.

(जो नव्हे, यू. नॉर्वेत त्या नावाचा उच्चार असाच होतो. आणि त्याचा नायक हॅरी 'होल' नाही, हॅरी हूले.)

ही तुलना मुख्यतः या दोन पुस्तकांची. तिसरा आणि चौथा पर्याय, म्हणजे स्वीडनचाच हेनिंग मानकेल आणि श्योवाल-वाल्यो ही लेखकजोडी, पुढे येतातच, कारण बऱ्याच मराठी वाचकांना खरं तर तेच आवडतील अशी दाट शंका आहे.

दोन्हींत आहे काय

लार्सनच्या पुस्तकाचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' अशा अर्थाचं आहे. २००५ साली ते छापून आलं तेव्हा लेखक हयात नव्हता. नोव्हेंबर २००४ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. तो 'एक्स्पो' या मासिकाचा पत्रकार होता आणि स्वीडनमधल्या वंशवादी, नवनाझी गटांचा माग काढणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. हे ठाऊक असलं की पुस्तकाचा स्वभाव कळतो. तो आधी पत्रकार आहे, मग कादंबरीकार. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या स्त्रियांवरच्या अत्याचाराची एकेक टक्केवारी दिलेली आहे. पहिल्या भागावर १८ टक्के, शेवटच्यावर ९२. इंग्रजी प्रकाशकाने २००८ मध्ये नाव बदलून टॅटूवाल्या मुलीला पुढे केलं. विक्रीच्या दृष्टीने ते बिनचूक ठरलं, पण वाचकाची थोडी फसवणूकही झाली: मलपृष्ठ बघून थरारकथा म्हणून उचललेलं पुस्तक आत आरोपपत्र निघतं.

कथेचा गाभा मात्र जुन्या, जवळजवळ सोवळ्या धाटणीचा. हेडेबी नावाच्या बेटावर वांगेर घराण्याची सगळी पाती आजूबाजूला घरं बांधून राहतात. १९६६ मध्ये, पुलावर टँकरचा अपघात होऊन बेट तुटलेलं असताना, सोळा वर्षांची हॅरिएट नाहीशी होते. प्रेत नाही, साक्षीदार नाही. म्हातारा हेन्रिक वांगेर चाळीसेक वर्षं त्या एकाच प्रश्नाभोवती फिरतोय, आणि दर वाढदिवसाला त्याला चौकटीत बसवलेलं एक वाळवलेलं फूल टपालाने येतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. बंद खोलीतल्या खुनाचं हे बेटाएवढं रूप. खटला हरलेला पत्रकार मिकाएल ब्लूमक्विस्त घराण्याचा इतिहास लिहिण्याच्या निमित्ताने तिथे जाऊन राहतो. घराणं, वाटण्या, कुणाचं कुणाशी तीस वर्षं बोलणं नाही: भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत आहे तिच्या वाचकाला वांगेर मंडळी समजायला अडचण पडू नये.

'द स्नोमॅन' २००७ ची, इंग्रजीत २०१० मध्ये आली. ओस्लोत वर्षातला पहिला बर्फ पडतो. योनास नावाच्या मुलाला रात्री जाग येते तर आई घरात नाही. बाहेर अंगणात बर्फाचा बाहुला उभा आहे, त्याच्या गळ्यात आईचा गुलाबी स्कार्फ. बाहुला केला कुणी ते माहीत नाही, आणि तो रस्त्याकडे बघत नाहीये, घराकडे तोंड करून उभा आहे. एवढ्या एका उलट्या दिशेवर नेस्बो पुढची सगळी भीती उभी करतो. लार्सनला हे जमलं नसतं. त्याने आधी त्या स्कार्फची किंमत आणि दुकानाचं नाव सांगितलं असतं.

ही थट्टा नाही. सलांडरला नवा लॅपटॉप हवा असतो तेव्हा लार्सन त्याचा प्रोसेसर, ९६० एमबी रॅम आणि ६० जीबी हार्ड डिस्क असा अख्खा तपशील देतो, दुकानातल्या पत्रकासारखा. कुणी भेटलं की कॉफी, विचार करायचा तर कॉफी, झोप येत नाही म्हणूनही कॉफी. काहींना हा पाल्हाळ वाटतो, काहींना याच तपशिलामुळे ते जग खरं वाटतं. तुम्ही कुठल्या गटात आहात हे पहिल्या पन्नास पानांत कळतं.

अंधार कुठल्या जातीचा

'डार्क' हा शब्द या पुस्तकांवर सरसकट चिकटवलेला असतो, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. निवड करताना तीन वेगळे प्रश्न विचारावेत.

पहिला: हिंसा कुणावर आणि किती जवळून? लार्सनमध्ये लैंगिक हिंसा आहे, ती स्पष्ट आहे, आणि तिच्यावर पडदा टाकायचा नाही हा लेखकाचा निर्धार आहे. पुस्तकाच्या पहिल्या निम्म्यात ब्यूरमानचे प्रसंग येतात आणि पाठोपाठ सलांडरचा सूड, तोही तितकाच कठोर. शेवटच्या टप्प्यात एका बंदिस्त जागेतला प्रसंग आहे. मध्ये एका मांजराचे हाल होतात. प्राण्यांच्या बाबतीत हळवे असणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं. ब्यूरमानची पानं भरभर उलटली तरी या पुस्तकातला हॅरिएटचा तपास कुठेच अडत नाही. फक्त मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाचा धागा तिथूनच निघतो, म्हणून सलांडरच्या हाती शेवटी काय लागतं तेवढं वाचून पुढे जावं.

नेस्बोची हिंसा वेगळी. लैंगिक कमी, शारीरिक जास्त, आणि तिला यंत्राची आवड आहे. 'स्नोमॅन'मधलं हत्यार म्हणजे विजेने तापणाऱ्या तारेचा फास. ते काय करतं हे तो एकदा दाखवतो, आणि नंतर तार नुसती दिसली तरी पुरते. इथे वाचक चिडत नाही, घाबरतो. लार्सन वाचून राग येतो, नेस्बो वाचून रात्री खिडकीचा पडदा ओढावासा वाटतो.

दुसरा प्रश्न: लहान मुलं? 'स्नोमॅन'मध्ये मुलं सतत आहेत, आणि आईबापांनी एकमेकांपासून लपवलेल्या गोष्टींचा भार मुलांवर कसा पडतो हेच पुस्तकाचं खरं सूत्र आहे. नुकतंच घरात बाळ आलं असेल तर हे पुस्तक दोन वर्षं थांबू शकतं.

तिसरा: शेवटी दिलासा मिळतो का? लार्सनकडे मिळतो, चक्क भरपूर. दुष्टांना शिक्षा होते, पैसा फिरतो, पत्रकारिता जिंकते. इतक्या काळ्या पुस्तकाचा शेवट हिंदी सिनेमासारखा समाधानकारक आहे, आणि त्याच्या खपाचं एक कारण हेही असावं. नेस्बो खुनी पकडून देतो, पण हॅरी हूलेचं काहीतरी दर वेळी कायमचं तुटतं.

लार्सन वाचायचा तर

साधारण ५०० पानांचं पुस्तक, आवृत्तीनुसार कमीजास्त. ताशी ३० पानं हा वेग धरला तर १६-१७ तास. रोज लोकलमध्ये तासभर वाचणाऱ्याला अडीच आठवडे. इतके दिवस नावं डोक्यात राहत नाहीत, आणि इथेच पुस्तक सुटतं. हेन्रिक, हाराल्ड, ग्रेगर, गॉटफ्रीड, मार्टिन, इसाबेला, सेसिलिया, अनिता, बिर्गर, सगळे वांगेर. बहुतेक छापील आवृत्त्यांत सुरुवातीला वंशवृक्ष दिलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण किंडलवर मागे जाऊन ते बारीक अक्षर बघायचा कंटाळा येतो आणि मग 'हा कोण' हे न बघताच माणूस पुढे जातो. कोण कोणाचा भाऊ आणि १९३० च्या दशकात कोण नाझींच्या बाजूला होतं, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या असल्या तरी पुरे.

वेनरस्ट्रोमचं प्रकरण सुरुवातीला समजलं नाही तरी चालतं. ब्लूमक्विस्तने एका बड्या धेंडावर आरोप छापले, ते सिद्ध करता आले नाहीत, त्याला तीन महिन्यांची कैद झाली, त्याचं मासिक अडचणीत आलं, एवढं लक्षात ठेवा. मूळ कथेला गती येते ती तो बेटावर राहायला गेल्यावर, आणि खरी पकड बसते ती फोटोंपाशी.

तो भाग जवळून बघण्यासारखा आहे. हॅरिएट नाहीशी झाली त्या दिवशी गावात बालदिनाची मिरवणूक होती. स्थानिक वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने रोल भरभरून फोटो काढले, छापले मात्र दोनचार. ब्लूमक्विस्त न छापलेल्या निगेटिव्ह मिळवतो, स्कॅन करतो आणि ओळीने लावून एकामागून एक बघतो. गर्दीत मैत्रिणींबरोबर उभी असलेली हॅरिएट. बाकी सगळ्यांचे चेहरे मिरवणुकीतल्या विदूषकांकडे वळलेले, हसरे. पुढच्या फोटोत तिचा चेहरा बदललाय. ती रस्त्यापलीकडे कुणाकडे तरी बघतेय. कोणाकडे, ते या कोनातून दिसत नाही. मग त्याच्या लक्षात येतं की हॅरिएटच्या मागे एक तरुणी उभी आहे आणि तिच्या हातात कॅमेरा आहे. म्हणजे हॅरिएटला जे दिसलं ते या अनोळखी बाईच्या फोटोत असणार. चाळीस वर्षांपूर्वीची, नाव नसलेली, बहुधा बाहेरगावची बाई, आणि तिच्या घरातला कुठलातरी जुना अल्बम. हे शोधायचं कसं? तो ते कसं शोधतो ती पानं या कादंबरीतली सर्वोत्तम आहेत. धावपळ नाही, पिस्तूल नाही. एक माणूस फोटोचा कोपरा मोठा करून बघतोय, आणि वाचकाला जेवायची शुद्ध नाही.

मुख्य कोडं सुटल्यावर पुस्तक संपत नाही. पुन्हा वेनरस्ट्रोम येतो आणि बरीच पानं खातो. इथे वेग पडल्यासारखा वाटतो, पण सलांडर प्रत्यक्षात किती हुशार आहे ते याच भागात दिसतं. ब्लूमक्विस्तच्या प्रेमात मात्र पुस्तकातल्या इतक्या बायका इतक्या सहज का पडतात याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही. पत्रकाराने लिहिलेला पत्रकार, दुसरं काय.

इंग्रजी भाषेबद्दलही थोडं. अनुवादक म्हणून रेग कीलंड हे नाव छापलंय ते टोपणनाव आहे. खरा अनुवादक स्टीव्हन मरे. मूळ काम सिनेमावाल्यांसाठी घाईत झालं, नंतर इंग्रजी प्रकाशकाने त्यावर हात फिरवला, आणि तो बदल न पटल्यामुळे मरेने स्वतःचं नाव काढून घेतलं. म्हणून वाक्यं मधूनच कोरडी, अवघडलेली वाटली तर सगळा दोष तुमच्या इंग्रजीचा नाही. याच मरेने स्वतःच्या नावाने मानकेलची काही पुस्तकं इंग्रजीत आणलीयत. त्यांतलं एखादं शेजारी ठेवून वाचलं की फरक लगेच कानाला कळतो.

स्नोमॅन वाचायचा तर

इथे अडचण उलटी आहे. पुस्तक इतकं पळतं की वाचक प्रकरणांची शीर्षकं वाचतच नाही, आणि मग चुकतो. प्रत्येक प्रकरणावर तारीख असते. मुख्य कथा २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू होते, पण पहिलंच प्रकरण ५ नोव्हेंबर १९८० चं आहे: एक मुलगा बाहेर गाडीत बसून आईची वाट बघतोय आणि आई कुणाच्या तरी घरात आहे. मध्येच १९९२ मधलं बर्गेन येतं. तारीख न बघता वाचलं तर मेलेला माणूस जिवंत असल्यासारखा वाटतो. पहिलं प्रकरण मात्र दोनदा वाचावं, एकदा सुरुवातीला आणि एकदा पुस्तक संपल्यावर.

नेस्बो एके काळी मोल्डे क्लबकडून फुटबॉल खेळायचा, नंतर शेअर बाजारात काम केलं, आणि 'डी डेरे' नावाच्या बँडमध्ये गातोही. त्याचं लिखाण फुटबॉलवाल्याचं आहे: डावीकडे झुकायचं आणि उजवीकडून जायचं. खुनी सापडला असं तो तुम्हाला एकदा नव्हे, अनेकदा पटवतो. पहिल्या दोन वेळा मजा येते. तिसऱ्या वेळी हातातल्या उरलेल्या पानांची जाडी बघून वाचक ओळखतो की हा नव्हे. छापील पुस्तकाचा हा तोटा आहे. हे पुस्तक किंडलवर, टक्केवारी झाकून, किंवा ऐकून जास्त रंगतं.

हॅरी हूले दारूशी झगडणारा, वरिष्ठांशी न पटणारा पोलीस. हा साचा आता गुळगुळीत झालाय हे खरं. पण नेस्बो त्याला छोट्या गोष्टींतून जिवंत ठेवतो. हॅरीच्या सोफीस गाटे रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये बुरशी लागलीय, आणि ती काढायला येणारा माणूस रोज भिंतीचा थोडा भाग उकलतो. हॅरी घरी येतो तेव्हा भिंत कालच्यापेक्षा जास्त उघडी असते. पुस्तकभर हे चालू. खुनाशी याचा संबंध काय, हे विचारू नका. पण त्या घरात रात्री एकटं झोपणं कसं असेल ते बरोबर कळतं.

कच्ची बाजू म्हणजे शेवट. गाड्या, उंची, धावाधाव, सिनेमासाठी लिहिल्यासारखा. आणि गंमत अशी की २०१७ साली सिनेमा निघाला तो पार फसला. दिग्दर्शकाने स्वतःच सांगितलं की पटकथेचा काही भाग चित्रित करायचाच राहिला. तो बघून पुस्तकाबद्दल मत बनवू नये. लार्सनच्या बाबतीत मात्र दोन्ही सिनेमे चांगले आहेत, २००९ चा स्वीडिश आणि २०११ चा डेव्हिड फिंचरचा. फक्त पुस्तकाआधी बघू नयेत. फोटोंचा तपास आधीच माहीत असला तर पुस्तकात राहतो तो कॉफीचा हिशेब.

दोन्ही नकोत, तरी हे जग हवंय

अशा वाचकाने हेनिंग मानकेलची 'फेसलेस किलर्स' उघडावी. १९९१ ची, तीनशेच्या आसपास पानं. काचेची किल्ली हा नॉर्डिक देशांतला गुन्हेकथांचा मानाचा पुरस्कार १९९२ मध्ये सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी या पुस्तकाला मिळाला. १९९० च्या जानेवारीत, दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने भागात एका वृद्ध शेतकरी जोडप्यावर हल्ला होतो. म्हातारी मरण्याआधी एकच शब्द बोलते: परदेशी. तो शब्द पोलिसांकडून वर्तमानपत्रांत फुटतो, आणि निर्वासितांच्या छावणीला आग लागते. म्हणजे इन्स्पेक्टर कुर्त वालांडरला एका खुनाच्या तपासातून दुसरा गुन्हा उभा राहताना बघावं लागतं. सुरुवातीचा हल्ला क्रूर आहे, पण मानकेल तिथे रेंगाळत नाही. त्या रात्री तबेल्यातल्या घोडीला कुणीतरी चारा घालून गेलंय, हा तपशील जास्त दिवस डोक्यात राहतो.

वालांडरकडे धक्के कमी, थकवा जास्त. बायको सोडून गेलीय, मुलगी दुरावलीय, बाप वर्षानुवर्षं एकच निसर्गचित्र रंगवतोय. त्यात कधी रानकोंबडा असतो, कधी नसतो. तपास महिनोन्महिने चालतो, बऱ्याच वेळा कुठेच जात नाही. पोलिसी काम असंच असतं हे ज्यांना पटतं त्यांना मानकेल जवळचा वाटतो. ज्यांना दर वीस पानांनी काहीतरी घडायला हवं त्यांनी इकडे फिरकू नये. वालांडर मालिकेतल्या कादंबऱ्या म्हणजे स्वीडिश अस्वस्थतेच्या कादंबऱ्या, असं मानकेल स्वतः म्हणायचा. लार्सनला जे ओरडून सांगायचं होतं ते हा आधीच पुटपुटून गेला होता.

आणि त्याच्याही आधी माय श्योवाल आणि पेर वाल्यो. १९६५ ते १९७५, दहा वर्षांत दहा कादंबऱ्या, प्रत्येकीत तीस प्रकरणं. मुलं झोपली की दोघं रात्री बसून आळीपाळीने प्रकरणं लिहायचे. दोघंही डाव्या विचारांचे. गुन्हेकथेच्या आडून कल्याणकारी राज्याची चिरफाड करायची हा त्यांचा उघड इरादा होता. मार्टिन बेक हा त्यांचा पोलीस पोटाच्या दुखण्याने बेजार, घरात फारसं न बोलणारा, फावल्या वेळात जहाजांच्या प्रतिकृती जोडणारा. आज दिसणारा प्रत्येक उदास स्कँडिनेव्हियन तपास अधिकारी याचाच वारस.

पहिली 'रोझाना'. योटा कालव्यातला गाळ काढताना यंत्राच्या बादलीत एका तरुणीचं प्रेत वर येतं. जुलै महिना आहे, लख्ख ऊन, आसपास सुट्टीवर आलेली माणसं. ज्यांच्या मनात नॉर्डिक म्हणजे काळोख आणि बर्फ हेच समीकरण बसलंय त्यांनी एवढ्यासाठी तरी ती वाचावी. प्रेत कुणाचं हे कळायलाच महिने जातात. मग पर्यटक जहाजावरच्या उतारूंनी काढलेले फोटो आणि हौशी फिल्म देशोदेशींहून मागवल्या जातात, आणि पोलीस अंधाऱ्या खोलीत बसून त्या बघतात. लार्सनच्या फोटोंच्या प्रसंगाचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. पानं अडीचशेच्या आत, शनिवार-रविवारचं काम. यांची 'द लाफिंग पोलिसमन' जास्त गाजली, १९७१ मध्ये अमेरिकेचा एडगर पुरस्कार तिला मिळाला. स्टॉकहोममधल्या एका बसमध्ये झालेल्या गोळीबारापासून ती सुरू होते. विनोदही तिच्यात बराच आहे, कोरडा.

मराठीत वाचताना एक गोष्ट आपोआप चुकते, ती लक्षात घ्यावी. इंग्रजी 'यू' वाचताना आपण मनात तू-तुम्ही ठरवत जातो: शिपाई साहेबांना तुम्ही म्हणणार, सलांडर आपल्या बॉसला तुम्ही म्हणणार. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धतच मोडीत निघाली आणि जवळजवळ सगळे सगळ्यांना 'डू', म्हणजे तू, म्हणू लागले. वालांडर आणि सलांडरच्या जगात सगळे अरेतुरे आहेत, आणि त्यात उद्धटपणा नाही. 'रोझाना' त्या बदलाच्या आधीची. मनात हा स्वर बदलून वाचलं की सलांडरच्या तुटक बोलण्यातला अर्धा उर्मटपणा नाहीसा होतो आणि उरलेला अर्धा तिचा स्वतःचा आहे हे कळतं.

डॅनिश हवं असेल तर यूसी आडलर-ओल्सन. कोपनहेगनच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरात टाकलेला कार्ल मर्क आणि त्याचा मदतनीस असद ही जोडी या सगळ्या यादीत सर्वांत हसवणारी. पण पहिल्याच पुस्तकात एका बाईला वर्षानुवर्षं ज्या प्रकारे कोंडून ठेवलंय ते वाचताना बंद लिफ्टला घाबरणाऱ्यांचा श्वास अडकेल. आइसलँडचा आर्नाल्दुर इंद्रिदासन सर्वांत शांत आणि सर्वांत दुःखी. त्याच्या नायकाला सगळे एर्लेंदुर म्हणतात ते सलगीने नव्हे. तिथे आडनाव म्हणजे बापाचं नाव, आणि हाक मारायची ती पहिल्याच नावाने.

विकत घेताना

एकच पुस्तक दोन नावांनी विकलं जातं, आणि ऑनलाइन मागवताना तेच पुन्हा घरी येतं. आडलर-ओल्सनचं पहिलं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत 'मर्सी', अमेरिकन आवृत्तीत 'द कीपर ऑफ लॉस्ट कॉजेस'. आपल्याकडे दोन्ही येतात. मागवण्याआधी मूळ डॅनिश नाव आणि साल जुळवून बघावं. ते पहिल्या पानामागे बारीक अक्षरांत असतं.

हॅरी हूलेचा क्रम हे दुसरं जंजाळ. नॉर्वेत पहिलं पुस्तक १९९७ मध्ये आलं, इंग्रजीत ते २०१२ मध्ये पोचलं. इंग्रजीत सर्वांत आधी आलं ते 'द डेव्हिल्स स्टार', मालिकेतलं पाचवं. त्यामुळे इंग्रजी प्रकाशनाचं साल बघून क्रम लावणारा हमखास फसतो. 'द रेडब्रेस्ट', 'नेमेसिस' आणि 'द डेव्हिल्स स्टार' ही तीन याच क्रमाने वाचायची. पोलीस खात्यातला एक माणूस तिन्हींत आहे, आणि तिसरं आधी वाचलं तर त्याचं बिंग फुटलेलं असतं. 'स्नोमॅन' सातवं. ते सुटं वाचता येतं, फक्त जुनी प्रेयसी राकेल आणि हॅरी यांच्यात आधी काय होतं ते अंदाजाने भरून घ्यावं लागतं. भीती हीच मुख्य हौस असेल तर थेट 'स्नोमॅन', आणि आवडला तर मागे 'रेडब्रेस्ट'ला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढलेल्या नॉर्वेजियनांची ती गोष्ट. नेस्बोचं सर्वांत चांगलं काम मला तेच वाटतं.

लार्सनची तीन पुस्तकं मात्र सरळ क्रमाने. पहिलं स्वतःपुरतं पूर्ण आहे, तिथे थांबता येतं. दुसरं आणि तिसरं म्हणजे एकच कादंबरी मधोमध कापलेली. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर सलांडर ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत तिसऱ्याच्या पहिल्या पानावर आहे. त्यामुळे 'प्लेड विथ फायर' एकटं मागवू नये, दोन्ही एकदम मागवावीत. त्यापुढच्या भागांवर सलांडरचं नाव असलं तरी ते लार्सनचे नाहीत. २०१५ पासून दुसऱ्या लेखकांनी लिहिलेले आहेत, आणि कॉफी तेवढी उरलीय.